करोना विषाणू व त्यांच्या प्रसाराचा प्रतिबंध

करोना विषाणू हे पशुपक्षी आणि मानव यांच्या श्वसनमार्गाचे व पचनमार्गाचे आजार निर्माण करणारे एक मोठे विषाणूकुल आहे. त्यांची जनुकीय माहिती आरएनएच्या एकेरी साखळीत साठवलेली असते आणि सुमारे २६ ते ३२ हजार घटकांची ही साखळी आरएनए विषाणूंमध्ये सर्वांत लांब साखळ्यांत गणली जाते. विषाणूकणाभोवती मेदयुक्त वेष्टन असते व त्यातून बाहेर आलेल्या काटेरी प्रथिनांच्या साहाय्याने तो पेशीला चिकटून आत शिरतो. ही प्रथिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मुकुटावरील तुऱ्यांसारखी दिसत असल्याने १९६८ मध्ये या गटाला हे नाव मिळाले.

मानवात आढळणाऱ्या सात प्रमुख करोना विषाणूंपैकी चार साध्या सर्दीस कारणीभूत ठरतात. उरलेल्या तिघांमुळे सार्स (२००२), मर्स (२०१२) आणि कोविड-१९ (२०१९) हे गंभीर आजार उद्भवले.

सार्सची साथ चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सुरू होऊन अनेक देशांत पोहोचली. तिच्यात आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले व ७७४ दगावले. तरीही कोणतीही लस नसताना जुलै २००३ पर्यंत ती आटोक्यात आली. सार्सचा रुग्ण ताप येऊन आजार बळावल्यावरच मुख्यतः इतरांना संसर्ग देत असे, त्यामुळे आजारी माणसाला ओळखून वेगळे ठेवले की साखळी तुटे. त्याचाच निकटचा नातलग असलेला कोविड-१९चा विषाणू मात्र लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि कित्येकदा लक्षणे न दिसताही, पसरतो. प्रतिबंधाच्या दृष्टीने या दोन विषाणूंमधील हा फरक सर्वांत निर्णायक आहे: निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीनेही मास्क लावण्याची गरज त्यातूनच उत्पन्न झाली.

कोविड-१९चा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे, बोलताना व खोकताना बाहेर पडणाऱ्या कणांतून पसरतो. त्यांतील सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, ही बाब साथीच्या पहिल्या वर्षात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही आणि पृष्ठभाग पुसण्यावरच अवाजवी भर राहिला. वस्तुतः खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे, गर्दीच्या बंद जागा टाळणे आणि नाक व तोंड नीट झाकणारा मास्क वापरणे हे उपाय अधिक मोलाचे आहेत. हात धुण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, कारण साबणामुळे विषाणूचे मेदवेष्टन फुटते व तो निष्प्रभ होतो. साबण नसल्यास किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर चालते.

घरातल्या घरात विलगीकरण करा, हा सल्ला मात्र प्रत्येकाला पाळता येण्यासारखा नाही. मुंबईतील धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत बहुतांश कुटुंबे एकाच खोलीत राहत होती व सार्वजनिक शौचालये वापरत होती. महापालिकेने रुग्ण दारी येण्याची वाट न पाहता घरोघरी तपासणी केली, ताप तपासणी शिबिरे घेतली, शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण केले आणि संशयितांना शाळा व सभागृहांत हलवून त्यांच्या जेवणाचीही सोय केली. या कामाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि केवळ नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून प्रसाराचा अंदाज बांधणे योग्य ठरत नाही: जुलै २०२० मध्ये मुंबईतील इतर तीन प्रभागांच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ५७ टक्के व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे असंख्य लोकांना नकळत संसर्ग होऊन गेला होता.

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्डचे उत्पादन केले, तर भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनसाठी विषाणूचा वाण पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने पुरवला. लस गंभीर आजार व मृत्यू यांपासून चांगले संरक्षण देते, पण संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. हे संरक्षण काळानुसार ओसरते आणि डेल्टा, ओमिक्रॉन यांसारखे बदललेले प्रकार ते अंशतः चुकवतात. म्हणून वृद्ध, मधुमेही व प्रतिकारक्षमता कमी असलेल्या व्यक्तींच्या सहवासात, सर्दी-खोकला असताना, मास्क लावणे लसीकरणानंतरही आवश्यक ठरते.