कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटल

प्रस्थापित मोठ्या कंपनीने आपल्या पैशातून एखाद्या नव्या, तंत्रज्ञान घडवणाऱ्या स्टार्टअपमध्ये हिस्सा घेण्याच्या पद्धतीला कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटल म्हणतात. नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या नेहमीच्या व्हेंचर फंडाला हिस्सा पुढे चढ्या भावाने विकायचा असतो. मोठ्या कंपनीला नफा हवाच असतो, शिवाय आपल्या धंद्यात उद्या काय येऊ घातले आहे याची आतली खबरही हवी असते. या दुहेरी हेतूतच पद्धतीचे बळ आहे आणि तंट्याचे मूळही.

सुरुवातीचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. रसायने व स्फोटके बनवणाऱ्या ड्युपाँ कंपनीने १९१७ मध्ये त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांच्या जनरल मोटर्समध्ये अडीच कोटी डॉलर घालण्याचे ठरवले. मोटारींना लागणारा रंग आणि कापड ड्युपाँच पुरवू लागली. पुढे याच कारणावरून सरकारने खटला भरला आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मालकी स्पर्धाविरोधी ठरवली. इंटेलने १९९१ मध्ये अशा गुंतवणुकीसाठी स्वतंत्र विभाग उभारला. वाय-फाय पसरवणाऱ्या कंपन्यांना त्याने पैसा पुरवला, कारण वाय-फाय पसरले की लॅपटॉप खपणार आणि त्यांतल्या इंटेलच्या चिपही.

भारतात दुचाकी बनवणारी हीरो मोटोकॉर्प आणि इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी एथर एनर्जी यांचा संबंध अभ्यासण्याजोगा आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये एथर सुरू केली. हीरोने २०१६ मध्ये तिच्यात २०५ कोटी रुपये घातले तेव्हा एथरची एकही स्कूटर ग्राहकाच्या हाती पडलेली नव्हती. विक्री २०१८ मध्ये सुरू झाली. त्यानंतरही हीरो पैसे घालत राहिली आणि सर्वांत मोठी भागधारक बनली. प्रवर्तक, म्हणजे कंपनीचे अधिकृत सूत्रधार, मात्र मेहता आणि जैन हेच राहिले. खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. हीरोने ‘विडा’ नावाची स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर आणली आणि गुंतवणूकदारच बाजारात प्रतिस्पर्धी झाला. तरी दोघींनी चार्जिंगचा प्लग एकच ठेवला, त्यामुळे विडाची स्कूटर एथरच्या जलद चार्जरवर चालते. एथरने विकसित केलेल्या या प्लगच्या रचनेला २०२३ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यताही मिळाली. ग्राहकाच्या दृष्टीने या भागीदारीचे सर्वांत मोलाचे फळ हेच म्हणावे लागेल. मे २०२५ मध्ये एथर शेअर बाजारात नोंदली गेली. तिचा नवा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला ठरला आहे.

पुण्यातही अशी उदाहरणे आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या भारत फोर्जने पुण्याच्याच, इलेक्ट्रिक मोटारसायकली बनवणाऱ्या टॉर्क मोटर्समध्ये हिस्सा घेतला. बजाज ऑटोने २०१९ मध्ये भाड्याने दुचाकी देणाऱ्या बंगळूरच्या युलूमध्ये पैसे घातले आणि पुढे युलूसाठी खास गाड्याही बनवल्या. अशा व्यवहारात स्टार्टअपला भांडवलासोबत कारखाना आणि पुरवठादारांची साखळी मिळते, आणि ती उभी करायला एरवी वर्षे जातात.

करारातले एक कलम मात्र स्टार्टअपने डोळ्यांत तेल घालून वाचावे. कंपनी विकायची झाल्यास पहिला हक्क आमचा, असे गुंतवणूकदार लिहून घेतो. हे कलम असले की दुसरे खरेदीदार बोली लावायलाच कचरतात. संस्थापकाचे भवितव्य मग एकाच दारात अडकते.

हिस्सा न घेता नुसते ग्राहक बनणे हा दुसरा मार्ग. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये म्युनिकला ‘स्टार्टअप गॅरेज’ सुरू केले. तिथे कंपनी स्टार्टअपचा पहिला नमुना रीतसर ऑर्डर देऊन विकत घेते आणि आपल्या गाडीत बसवून पाहते. नव्या कंपनीला अशी ऑर्डर अनेकदा गुंतवणुकीहून जास्त उपयोगी पडते. अडचण येते ती मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात: तिथे मागितले जाणारे तीन वर्षांचे ताळेबंद, आधीच्या कामाचे दाखले, आणि माल पोचल्यावर महिनोन्महिने रखडणारे बिल. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार करायला लहान कंपन्या सहसा धजत नाहीत.