हातोडा काढून घेतला की दगडाचा डोंगर होतो

भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी आठवणीने हातोडा, नाणे किंवा पेनाचे टोपण ठेवतात. ते नसेल तर समोर दिसतो तो पाचशे मीटरचा कडा आहे की हातात मावणारा तुकडा, हे नुसत्या फोटोवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. जपानमधले सुइसेकीचे शौकीन नेमकी याच अडचणीची मजा घेतात. त्यांची सगळी कला हातोडा बाजूला काढण्याची आहे.

सुइसेकी म्हणजे निसर्गातच घडलेला, दोन हातांनी उचलता येईल एवढा दगड, ज्यात दूरची डोंगररांग, बेट, पठार किंवा धबधबा दिसतो. दगडाच्या तळाला अचूक बसेल अशी लाकडी बैठक कोरतात, तिला दाइझा म्हणतात. नाहीतर सुइबान नावाच्या उथळ तबकात वाळू पसरून त्यात दगड मांडतात, म्हणजे वाळूचे पाणी होते आणि दगडाचे बेट. मापाचा सुगावा देईल अशी कोणतीही वस्तू त्याला खेटून ठेवायची नाही.

हा नाद चीनमधून आला. तिथल्या विद्वानांना ताइहू सरोवरातले, पाण्याने विरघळून आरपार भोके पडलेले चुनखडक प्रिय होते. जपानी रुची पुढे शांत, आडव्या, काळपट दगडांकडे वळली. एदो काळाच्या उत्तरार्धात कविता, चित्र आणि सुलेखनात रमणाऱ्या बुंजिन मंडळींनी, म्हणजे विद्वान रसिकांनी, चहाच्या बैठकीत शाई-कुंचल्यांच्या जोडीला दगड मांडले. इतिहासकार आणि कवी राइ सान्यो (१७८०–१८३२) हे त्यांतले ठळक नाव. आपल्याकडे पंचायतनात नर्मदेतला बाण आणि गंडकीतला शाळिग्राम असतो. पण तिथे दगडाचा देव होतो, या मंडळींना दगडात डोंगर पुरेसा होता.

दगडात डोंगर दिसतो, याला कल्पनाशक्तीइतकेच भौतिकशास्त्रही जबाबदार आहे. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन दाखवले, की मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितका किनारा लांब भरतो, कारण मोठ्या वळणात लहान वळणे आणि त्यांतही आणखी लहान वळणे असतात. झिजलेल्या खडकाचेही बरेचसे असेच. भेगांत पाणी शिरते, मऊ भाग आधी जातो, कठीण भाग कण्यासारखा उरतो. हे दरीच्या मापावर होते तसेच वितीच्या मापावरही होते.

पण दगड एका बाबतीत चुगली करतो: त्याचे कण. वीस सेंटिमीटरचा दगड दोन किलोमीटर उंचीचा पर्वत भासायचा असेल, तर माप एकास दहा हजार झाले. मग ग्रॅनाइटमधला पाच मिलिमीटरचा स्फटिक त्या पर्वतावर पन्नास मीटरचा होईल! डोळ्याला लगेच खटकते. शौकिनांनी शतकानुशतके बारीक कणांचे दगड उचलले त्याचे मोठे कारण, माझ्या मते, हेच. कुमानो भागातला नाचिगुरो हा काळा, सिलिकायुक्त पाटीसारखा खडक, ज्याच्या ‘गो’ या पटावरच्या खेळाच्या काळ्या सोंगट्याही होतात, खोल समुद्रात सूक्ष्मजीवांच्या सिलिकेच्या सांगाड्यांपासून बनलेला चर्ट, आणि हॉर्नफेल्स.

हॉर्नफेल्सची गोष्ट क्योटोत डोळ्यांसमोरच आहे. क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगात, शहराच्या पूर्वेला चिखलाच्या जुन्या थरांत तप्त शिलारस घुसला आणि थंड होऊन ग्रॅनाइट झाला. भोवतालचा खडक त्या उष्णतेने भाजून हॉर्नफेल्स बनला. पुढे उलटेच घडले: ग्रॅनाइट भुसभुशीत होऊन वाहून गेला, आणि भाजलेल्या कडा उंच राहिल्या. उत्तरेला ८४८ मीटरचा हिएइ डोंगर, दक्षिणेला दाइमोंजी डोंगर आणि मध्ये सखल भाग. वाहून आलेल्या ग्रॅनाइटची पांढरी वाळू शिराकावा ओढ्यातून क्योटोच्या बागांत पोहोचली. सान्योंनी कामो नदीकाठी १८२८ मध्ये बांधलेली अभ्यासिका याच पूर्वेकडच्या डोंगरांकडे तोंड करून आहे.

धबधब्याचे दगड वेगळ्या कारणाने जमतात. काळ्या खडकाला भेग पडते आणि खनिजयुक्त पाणी तिच्यात कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ भरते. खनिजांची कठीणता मोजायच्या एक ते दहाच्या मोस मापावर कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७. त्यामुळे कॅल्साइटची पांढरी शीर झिजून खोल घळीत जाते, तर क्वार्ट्झची वर उठून राहते. घळीतली शीर धबधबा म्हणून जास्त पटते, हे उघडच आहे.

सादो बेटावरचा लोहामुळे लाल झालेला जॅस्पर हा सिलिकेचा दगड, किंवा गिफूच्या नेओ खोऱ्यातला शेवंतीची फुले उमटलेला दगड, यांची किंमत रंग आणि नक्षीची. तिथे मापाचा खेळ नाही. (याच खोऱ्यात १८९१ च्या भूकंपात जमीन सुमारे सहा मीटर वर उचलली गेली, तो बांध मला फुलांपेक्षा प्रेक्षणीय वाटतो.)

मांडताना दगडावर पाणी शिंपडतात. ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो, खडबडीतपणामुळे सगळीकडे विखुरणारा प्रकाश कमी होतो, काही प्रकाश त्या थरातच परतून पुन्हा दगडात शोषला जातो, आणि रंग गडद होतो. पाणी वाळताना उंचवटे आधी फिके पडतात, खोलगट भाग काळे राहतात. दऱ्यांत सावल्या भरल्यासारखे दिसते. घरी आणलेला दगड वर्षानुवर्षे उन्हात ठेवून त्यावर पाणी घालत राहण्याची रीत आहे. ताज्या दगडाचा कोरा उजळपणा जाऊन जुनेपण यावे, हा हेतू.

खरा वाद आहे तो तळाचा. सपाट तळाचा दगड क्वचित मिळतो, म्हणून अनेक दगड करवतीने कापतात, आणि दाइझात बसले की काप दिसत नाही. मापाचा भ्रम एवढाच निकष असेल तर कापलेल्या दगडात काहीच उणे नाही. पण नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात चौदाव्या शतकातले सम्राट गो-दाइगो यांचा मानला जाणारा ‘युमे नो उकिहाशी’, म्हणजे ‘स्वप्नांचा तरंगता पूल’, हा दगड आहे. तो दोन टोकांवरच टेकतो आणि मधला भाग किंचित अधांतरी राहतो. अशी बैठक नदीने दिलेली की करवतीने, याने मला फरक पडतो आणि बाजारालाही पडतो. म्हणून जाणकार खरेदीपूर्वी दगड बैठकीतून उचलून आधी उलटा करून पाहतात.