चार मिनिटं तेवीस सेकंद

१५ फेब्रुवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हाडं गोठवणारी थंडी, आणि वीज नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक आकडा घसरत होता. तो होता विजेच्या वारंवारितेचा, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याचा: अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. चढावर गाडीत आणखी पोती टाकली की बैल मंदावतात, तशी मागणीच्या ओझ्याखाली जनित्रं मंदावतात आणि हा आकडा उतरतो. दोनच्या सुमारास तो ५९.४ च्या खाली गेला. तिथे नऊ मिनिटं राहिला असता, तर जनित्रं स्वतःच्या बचावासाठी पटापट बंद पडली असती आणि अख्खं जाळं कोसळलं असतं. तो राहिला ४ मिनिटं २३ सेकंद. कर्मचाऱ्यांनी वस्त्याच्या वस्त्या भारनियमनात टाकल्या, म्हणून निभावलं.

शेजारच्या राज्यांतून वीज का आणली नाही? सीमेपलीकडे जाणाऱ्या घाऊक विजेवर १९३५च्या कायद्याने केंद्र सरकारचा अंमल आला. तो नको म्हणून टेक्सासच्या कंपन्यांनी वीज राज्याबाहेर जाऊच दिली नाही. आजही राज्यातली सुमारे ९० टक्के मागणी या वेगळ्या जाळ्यावर आहे. बाहेरच्या मोजक्या दुव्यांची क्षमता तेव्हा होती १,२०० मेगावॉटच्या आसपास, आणि तोडावी लागलेली मागणी पोचली २०,००० वर. अर्थात शेजारीही गारठले होते. नुसत्या तारा असत्या तरी सगळं भागलं नसतं.

पवनचक्क्यांवर खापर फुटलं. त्या गोठल्या हे खरं, पण सर्वांत मोठी तूट गॅसवरच्या वीजकेंद्रांची होती. गॅसच्या विहिरी गोठल्या. गॅस पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रणांचीच वीज भारनियमनात गेली, मग गॅस आणखी आटला. मला इथेच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. वीजयंत्रणेच्या विश्वासार्हतेचे नियम २००५च्या कायद्यापासून केंद्राच्या कक्षेत आहेत, टेक्साससकट. गॅसच्या विहिरी मात्र राज्याच्या ‘रेलरोड कमिशन’कडे (नाव रेल्वेचं, काम तेल-गॅसचं). दोन्ही यंत्रणा एकमेकींवर तगलेल्या, आणि दोघींचे धनी वेगळे. २०११च्या थंडीनंतर केंद्रीय यंत्रणांनी हिवाळ्याची तयारी करा असं लिहून दिलं होतं. २०२१च्या त्या थंडीपर्यंत ते सक्तीचं झालं नव्हतं.

राज्याच्याच मोजणीनुसार या वेळी २४६ माणसं गेली, बहुतेक गारठून.

एल पासो शहरही टेक्सासमध्येच, पण पश्चिमेकडच्या जाळ्याला जोडलेलं. तिथल्या वीज कंपनीने २०११ नंतर आपली वीजकेंद्रं कडाक्याच्या थंडीत चालतील अशी करून घेतली होती. त्या आठवड्यात तिथले दिवे थोड्याच घरांत गेले, तेही थोडाच वेळ.