टेन-कोड : अमेरिकी पोलिसांच्या बिनतारी संदेशांतील अंकसंकेत

अमेरिकेतील पोलीस दलांत नियंत्रण कक्ष आणि गस्तीवरील गाड्या यांच्यात बिनतारी यंत्रावरून चालणारे बोलणे थोडक्यात व्हावे, यासाठी नेहमीच्या संदेशांना जे अंक ठरवून दिलेले असतात, त्यांना अंकसंकेत म्हणता येईल. यांपैकी सर्वांत परिचित मालिका ‘दहा’ या अंकाने सुरू होते, म्हणून तिला टेन-कोड असे नाव पडले. ‘१०-४’ म्हणजे संदेश मिळाला आणि ‘१०-२०’ म्हणजे ठिकाण, हे अर्थ बहुतेक ठिकाणी सारखे आहेत. एवढ्यावरून सबंध मालिकाच देशभर एक असावी असे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. एका शहराच्या पोलिसांचा संकेत शेजारच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) वेगळ्या अर्थाने चालतो, आणि काही दलांत तर दहाची मालिकाच नसून तिच्या जागी कायद्याची कलमे किंवा निराळे क्रमांक वापरले जातात.

पोलिसांच्या कामात रेडिओ आला तो आधी एकतर्फी. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांना संदेश पाठवणारे केंद्र नियमितपणे चालवायला सुरुवात केली. गाडीतल्या शिपायाला संदेश ऐकू येई, पण उत्तर द्यायचे तर त्याला जवळचा टेलिफोन गाठावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन या गावी दुतर्फा बोलण्याची सोय झाली आणि तेव्हापासून एक नवीच अडचण उभी राहिली. एकाच वाहिनीवर अनेक गाड्या बोलणार, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागणार, आणि त्यातच खरखरीमुळे अर्धे शब्द गळून पडणार. इलिनॉय राज्य पोलिसांच्या पेसोटम येथील दहाव्या विभागात संदेशवहनाचे काम पाहणारे चार्ल्स हॉपर यांनी १९३७ पासून पुढच्या काही वर्षांत यावर उपाय म्हणून अंकांची यादी तयार केली. प्रत्येक संकेताआधी ‘दहा’ का, याचे उत्तर त्या काळच्या यंत्रांत आहे. गाडीतला प्रक्षेपक निर्वात नळ्यांवर चाले आणि त्याला लागणारा उच्च विद्युतदाब एका छोट्या फिरत्या जनित्रातून मिळे. बटण दाबल्यावर हे जनित्र पूर्ण वेग घेईपर्यंत क्षणभर जाई आणि बोलण्यातला पहिला उच्चार प्रक्षेपित होतच नसे. जो शब्द गळला तरी चालेल असा एक शब्द आधी उच्चारायचा, म्हणजे पुढचा महत्त्वाचा अंक शाबूत पोहोचतो, अशी ही साधी आणि चोख युक्ती होती. नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आल्यावर तिची गरज संपली, तरी ‘दहा’ टिकून राहिला, कारण पुढे येणारा अंक हा संकेत आहे, घर क्रमांक किंवा गाडीचा क्रमांक नव्हे, हे त्यामुळे ऐकताक्षणी कळते.

सार्वजनिक सुरक्षेच्या संदेशवहनात काम करणाऱ्यांची संघटना अॅपको १९३५ मध्ये स्थापन झाली होती. तिने ही पद्धत उचलून धरली, १९४० च्या सुमारास ती प्रसिद्ध केली आणि १९७४ मध्ये यादीचा विस्तार केला. मात्र अॅपकोची यादी ही शिफारस होती. ती पाळायला लावण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. अमेरिकेत सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. त्यांत शहरांची पोलीस दले, काउंट्यांचे शेरीफ, राज्यांचे महामार्ग पोलीस, विद्यापीठांची आणि रेल्वेची स्वतःची दले असे सगळे येतात आणि त्यांतील बहुतेक आपापल्या स्थानिक शासनालाच उत्तरदायी असतात. ज्याने त्याने आपल्या हद्दीत जे वारंवार घडते त्याला सोपा अंक दिला. महामार्गावर गुरे आल्याची वर्दी देण्यासाठी जुन्या यादीत १०-५४ हा स्वतंत्र संकेत होता. मॅनहॅटनमध्ये त्याचा उपयोग शून्य, म्हणून न्यूयॉर्क पोलिसांनी तोच अंक रुग्णवाहिका लागणाऱ्या प्रसंगाला दिला, तर अन्य काही दलांत तो मृतदेह सापडल्याची खूण झाला. वेगळेपण असे गरजेतून आले आणि सवयीमुळे पक्के झाले.

या भिन्नतेचा सर्वांत गंभीर नमुना म्हणजे ‘पोलीस संकटात आहे, ताबडतोब मदत पाठवा’ हा संदेश. न्यूयॉर्क शहरात तो १०-१३ आहे, आणि हा अंक तिथल्या पोलिसांच्या मनात इतका रुजलेला आहे की आजारी किंवा अडचणीतल्या सहकाऱ्यासाठी पैसे जमवण्याच्या कार्यक्रमालाही ते ‘टेन-थर्टीन’ म्हणतात आणि निवृत्तांच्या संघटनाही हेच नाव घेतात. अॅपकोच्या यादीत मात्र १०-१३ म्हणजे हवामान आणि रस्त्याची स्थिती. शिकागोत मदतीची हाक १०-१ अशी दिली जाते. पण अॅपकोच्या यादीनुसार १०-१ चा अर्थ ‘तुमचा आवाज नीट येत नाही’ असा होतो आणि न्यूयॉर्कमध्ये ‘आपल्या ठाण्याला फोन करा’ असा. कॅलिफोर्निया महामार्ग पोलीस यासाठी ११-९९ म्हणतात, बाल्टिमोरमध्ये ‘सिग्नल १३’ म्हणतात, न्यू ऑर्लिन्समध्ये १०८ म्हणतात, तर लॉस एंजेलिस पोलीस ‘अधिकाऱ्याला मदत हवी’ हे वाक्य सरळ इंग्रजीत उच्चारतात. जीव धोक्यात असलेल्या माणसाने एकदाच म्हटलेला अंक ऐकणाऱ्याला अपरिचित असेल तर तो निदान पुन्हा विचारेल. तो अंक त्याला दुसऱ्याच अर्थाने परिचित असेल, तर तो विचारणार नाही. अंकसंकेतांच्या भिन्नतेतला खरा धोका हा आहे, आणि पुढे झालेल्या सुधारणांचे मूळही इथेच आहे.

असा घोटाळा एका शहराच्या हद्दीतही होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात १०-७५ म्हणजे प्रत्यक्ष पेटलेली, विझवण्यासाठी पूर्ण कुमक लागणारी आग. त्याच शहराच्या पोलिसांकडे १०-७५ हा ठरवून घातलेल्या गस्तीचा संकेत आहे, आणि त्याला ‘व्ही’ अक्षर जोडले की उंच इमारतीच्या जिन्यांतून घातलेली गस्त असा अर्थ होतो. १०-५० हा अंक पुष्कळ दलांत वाहन अपघातासाठी आहे, पण न्यूयॉर्क पोलिसांकडे तो दंगा किंवा गोंगाट करणाऱ्यांसाठी आहे आणि अपघाताला १०-५३ म्हणतात. संदेश पुन्हा सांगा, हे अॅपकोच्या यादीत १०-९ आणि न्यूयॉर्कमध्ये १०-५.

पश्चिमेकडे, विशेषतः कॅलिफोर्नियात, गुन्ह्याचे स्वरूप सांगण्यासाठी राज्याच्या दंडसंहितेची कलमेच संकेत म्हणून वापरली जातात. १८७ म्हणजे खून, २११ म्हणजे जबरी चोरी, ४५९ म्हणजे घरफोडी, ४१५ म्हणजे शांतताभंग. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला ७२ तासांपर्यंत ताब्यात ठेवण्याची तरतूद कल्याण व संस्था संहितेच्या कलम ५१५० मध्ये आहे, म्हणून अशा प्रसंगाला ५१५० म्हणतात. हा अंक पोलिसांच्या बोलण्यातून रोजच्या भाषेत उतरला आणि मानसिक रुग्णांसाठी टवाळीचा शब्द झाला, ही या संकेताच्या वाट्याला आलेली दुर्दैवी गोष्ट आहे. कायद्यावर बेतलेल्या संकेतांचा फायदा असा की एका राज्यात सर्व दलांचा अर्थ जुळतो आणि तोच क्रमांक पुढे आरोपपत्रातही येतो. तोटा असा की राज्याची सीमा ओलांडताच तो निरुपयोगी ठरतो. शेजारच्या नेवाडातील लास व्हेगास पोलिसांची चारशेची मालिका आहे आणि तीत घरफोडी ४०६, जबरी चोरी ४०७ व खून ४२० आहे. न्यू ऑर्लिन्समध्येही संकेत कायद्यावरूनच आले, पण ते लुइझियानाच्या कायद्यावरून. तिथे खुनाचे कलम १४:३० आहे, म्हणून संकेत ३०. सशस्त्र जबरी चोरीचे कलम १४:६४, म्हणून संकेत ६४.

गाडीने किती तातडीने जायचे, हे सांगणारी ‘कोड’ मालिका याहून निराळी आहे. लॉस एंजेलिसमध्ये ‘कोड ३’ म्हणजे दिवे आणि भोंगा लावून जाणे, ‘कोड ४’ म्हणजे आणखी मदत नको, आणि ‘कोड ७’ म्हणजे जेवणाची सुट्टी. गाडीच्या संबोधनातही माहिती भरलेली असते. आधी विभागाचा क्रमांक, मग कामाचा प्रकार सांगणारे अक्षर, मग गस्तीच्या पट्ट्याचा क्रमांक असा त्याचा क्रम असतो. ‘अॅडम’ म्हटले की गाडीत दोन अधिकारी आहेत आणि ‘लिंकन’ म्हटले की एकच, हे नियंत्रण कक्षाला न विचारता समजते. अक्षरांसाठी अॅडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड अशी नावे घेण्याची ही पद्धत विमानवाहतुकीत १९५६ पासून रूढ झालेल्या अल्फा, ब्राव्हो, चार्ली या वर्णमालेहून जुनी आहे आणि अनेक अमेरिकी दलांनी ती सोडलेली नाही.

अंकसंकेत गुप्ततेसाठी असतात, हा समज फारसा खरा नाही. याद्या दशकानुदशके उघड छापल्या गेल्या आहेत आणि स्कॅनर घेऊन पोलिसांचे बोलणे ऐकणाऱ्या हौशी लोकांना त्या तोंडपाठ असतात. दूरचित्रवाणीवरील १९५० च्या दशकातील पोलीस मालिकांनी ‘१०-४’ घरोघरी नेले, आणि १९७० च्या दशकात सिटिझन्स बँड रेडिओ (सामान्य नागरिकांसाठी खुला असलेला कमी पल्ल्याचा बिनतारी संच) वापरणाऱ्या ट्रकचालकांनी ही मालिका आपलीशी केली. एक मर्यादित आडोसा मात्र या अंकांमुळे मिळतो. रस्त्यावर थांबवलेल्या माणसाच्या नावे अटक वॉरंट आहे, ही गोष्ट अधिकाऱ्याच्या खांद्यावरील यंत्रातून त्या माणसाला ऐकू जाईल अशा शब्दांत सांगणे धोक्याचे असते. अंक म्हटला की अधिकाऱ्याला सावध व्हायला थोडा अवधी मिळतो. घाईच्या क्षणी वाक्य जुळवण्यापेक्षा पाठ असलेला अंक उच्चारणे सोपे जाते, असाही अनुभवी अधिकाऱ्यांचा दावा असतो, आणि तो नाकारण्याजोगा नाही.

भिन्नता खुपू लागली ती यंत्रे एकमेकांशी बोलू लागल्यावर. दलांच्या वाहिन्या अलग होत्या तोवर शेजाऱ्याचा संकेत ऐकण्याचा प्रसंगच क्वचित येई. कॅलिफोर्नियातील १९७० च्या मोठ्या वणव्यांत अनेक यंत्रणा एकाच ठिकाणी कामाला लागल्या तेव्हा शब्दांचा आणि आदेशांचा गोंधळ उघड झाला. त्यानंतर उभारलेल्या फायरस्कोप या संयुक्त योजनेत अंक टाकून स्पष्ट भाषेत बोलण्याचा आग्रह धरला गेला. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला आणि २००५ चे कट्रिना वादळ यांनंतर वेगवेगळ्या दलांची यंत्रे जोडण्यावर भर आला. पण यंत्रे जोडूनही अर्थ जुळत नसेल तर जोडणी व्यर्थ, हे ओळखून संघराज्य सरकारने २००६ पासून आपत्तीच्या तयारीसाठीच्या अनुदानाला एक अट घातली : अनेक यंत्रणांचा सहभाग असलेल्या घटनांत साधी भाषा वापरली पाहिजे. या अटीला पोलिसांतून विरोध झाला. तेव्हा संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने त्याच वर्षी खुलासा केला की एका दलाच्या रोजच्या अंतर्गत कामातील टेन-कोडवर बंदी नाही. मात्र आणीबाणीत जी भाषा वापरायची तिचा सराव रोजच असलेला बरा, असेही तिने सुचवले. हा सल्ला सयुक्तिक आहे, कारण संकटात माणूस सवयीचेच बोलतो.

ब्रिटनमधील पोलीस टेन-कोड वापरत नाहीत. तिथे साधे बोलणे आणि गाडीची स्थिती कळवणारे क्रमांक यांवर काम चालते. जर्मनीत गाडीची स्थिती बटण दाबून शून्य ते नऊ अशा अंकांनी थेट नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर जाते, उदाहरणार्थ ३ म्हणजे काम स्वीकारले आणि ४ म्हणजे घटनास्थळी पोहोचलो. अमेरिकेतही आता गाडीतल्या संगणकामुळे पत्ता, गाडीचा क्रमांक आणि वॉरंटची चौकशी यांचा मोठा भाग न बोलताच उरकतो. तरीही न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक वर्दीचा निकाल अजून १०-९० च्या मालिकेतील संकेतानेच नोंदला जातो, आणि साधी भाषा स्वीकारलेल्या अनेक दलांतही पोच देण्यासाठी ‘१०-४’ म्हटले जाते, कारण त्याच्या अर्थाविषयी क्वचितच दुमत असते.