आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे

स्वखर्चाने कथा-कवितांचा संग्रह काढणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला असा: "आधी आयएसबीएन घ्या, नाहीतर कविता कोणीही आपल्या नावावर छापेल." या भीतीपोटी अनेकजण एका क्रमांकासाठी हजारो रुपये मोजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा 13 अंकी क्रमांक आहे. विक्रेत्याला, ग्रंथालयाला नेमकी आवृत्ती सापडावी, एवढंच त्याचं काम. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशक असलेल्या लेखकालाही.

हक्काचं म्हणाल तर तो कविता कागदावर उतरली त्याच क्षणी तुमचा झालेला असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केलीत तर वाद झाल्यास पुरावा म्हणून कामी येते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हा हक्क टिकतो.

मग धोका कुठे आहे? करारात. हक्क दुसऱ्याकडे जातो तो तुमच्या सहीच्या लेखी हस्तांतरणाने. म्हणून छपाईचं 'पॅकेज' घेताना सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती 5 वर्षं धरतो.

आणि एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही: 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांत एकेक प्रत पाठवायची असते. तुमच्या संग्रहाचे प्रकाशक तुम्हीच, तेव्हा टपालखर्चही तुमचाच.