कार्डोझो, बेंजामिन नेथन

(२४ मे १८७० – ९ जुलै १९३८). अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश आणि पुढे मुख्य न्यायाधीश. जन्म न्यूयॉर्क शहरातील एका जुन्या सेफार्डी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील) ज्यू घराण्यात. वडील अल्बर्ट हेही न्यायाधीश होते. पण भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे १८७२ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा बेंजामिन दोन वर्षांचेही नव्हते. घराण्याच्या नावावरचा हा डाग पुसायचा, ही ओढ त्यांना जन्मभर होती असे चरित्रकार मानतात, आणि त्यांचे आयुष्य पाहता ते पटते.

पंधराव्या वर्षी ते कोलंबिया महाविद्यालयात दाखल झाले. कायद्याची पदवी न घेताच १८९१ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. १९१३ च्या निवडणुकीत ते राज्याच्या ‘सुप्रीम कोर्टा’वर निवडून आले. नावावरून गैरसमज होईल, पण न्यूयॉर्कमध्ये या नावाच्या न्यायालयात मूळ खटले चालतात. राज्यातील शेवटचा शब्द ऑल्बनी या राजधानीतील सात न्यायाधीशांच्या अपील न्यायालयाचा. १९१४ च्या फेब्रुवारीतच कार्डोझोंना तिथे नेमण्यात आले. १९२७ ते १९३२ या काळात ते मुख्य न्यायाधीश होते.

१९१६ च्या मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक या निकालाने त्यांचे नाव झाले. ब्युइक कंपनीच्या मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले आणि मालक गाडीबाहेर फेकला जाऊन जखमी झाला. गाडी त्याने विक्रेत्याकडून घेतली होती, म्हणजे कंपनीशी त्याचा थेट करार नव्हता. चाकही कंपनीने दुसऱ्या कारखान्याकडून आणले होते. निष्काळजीपणे बनवलेली वस्तू जिवावर बेतणारी असेल, तर करार नसला तरी उत्पादक जबाबदार आहे, असे कार्डोझोंनी ठरवले. १९३२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटल्यात याच निकालाचा आधार घेतला आणि त्या वाटेने हे तत्त्व भारतीय कायद्यातही रुजले.

१९२८ चा पाल्सग्राफ खटला मात्र वाचताना आजही मन अस्वस्थ होते. सुटलेल्या गाडीत चढणाऱ्या एका प्रवाशाला रेल्वेच्या माणसांनी हात दिला, त्याच्या काखेतले वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके रुळांवर पडले आणि आतल्या फटाक्यांचा स्फोट झाला. फलाटावर बरीच दूर, मुलींना घेऊन उभ्या असलेल्या हेलन पाल्सग्राफ यांच्या अंगावर वजनकाटा कोसळला. खालच्या न्यायालयात त्यांना ६,००० डॉलर भरपाई मिळाली होती. कार्डोझोंनी चार विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली : ज्या व्यक्तीला धोका पोहोचेल अशी कल्पनाच करता येत नव्हती, तिच्याबाबत निष्काळजीपणा घडलाच नाही. तर्क रेखीव आहे. पण मोलमजुरी करून मुले वाढवणाऱ्या त्या बाईवर खटल्याचा खर्चही बसला, हे विसरता येत नाही.

न्यायाधीश निकालापर्यंत कसा पोहोचतो, याची कबुली त्यांनी १९२१ साली येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत मोकळेपणाने दिली. पूर्वनिर्णय, इतिहास, रूढी आणि समाजहित या सगळ्यांचे वजन तो करतो, असे त्यांचे म्हणणे. पदावरच्या न्यायाधीशाने इतके उघड बोलणे त्या काळी विरळाच.

ते अविवाहित होते. थोरली बहीण नेली आणि ते एकत्र राहत; तिच्या शेवटच्या आजारपणात त्यांनीच तिची काळजी वाहिली. १९२९ मध्ये ती गेली. १९३२ साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी निवृत्त न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या जागी त्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. तिथे त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली. ऑल्बनीच्या न्यायालयातील जुने सहकारी अर्विंग लेहमन यांच्या पोर्ट चेस्टर येथील घरी त्यांचे निधन झाले.