बुद्धिहीनतेचा आरोप (समीक्षा व पत्रकारिता)

एखादा लेखक, कलावंत, अधिकारी किंवा शासन चुकले आहे एवढेच न म्हणता त्याला विचारच करता येत नाही, असे जाहीर लेखनातून ठरवणे म्हणजे बुद्धिहीनतेचा आरोप. ग्रंथपरीक्षण, नाट्यपरीक्षण, अग्रलेख आणि स्फुट या प्रकारांत तो विशेष आढळतो. ‘बिनडोक’ किंवा ‘मठ्ठ’ असे उघड शब्द छापण्याऐवजी ‘बौद्धिक दिवाळखोरी’, ‘आकलनाची मर्यादा’, ‘अक्कल गहाण टाकणे’ अशी सभ्य रूपे पसंत केली जातात. चूक दाखवायची तर पुरावा द्यावा लागतो, बुद्धी काढायला तो लागत नाही. मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा असला की या आरोपाचा मोह वाढतो, तो बहुधा यामुळेच.

मराठीत मूर्खपणाची पद्धतशीर मांडणी समर्थ रामदासांनी केली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा अशी तेथील मूर्खांची ओळख वर्तनावरून पटते, जन्मजात मतिमांद्यावरून नव्हे. पुढच्या समीक्षकांनी ‘पढतमूर्ख’ हा शब्द उचलला आणि विद्वान प्रतिस्पर्ध्यावर मनमुराद वापरला. लक्षणे नोंदवण्याचे कष्ट मात्र थोड्यांनीच घेतले.

कृती आणि कर्ता यांच्यामधली जी रेघ समीक्षेत वारंवार पुसली जाते, ती कायद्याने आश्चर्य वाटावे इतक्या नेमकेपणाने आखली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९९ बदनामीची व्याख्या करत असे आणि त्याचा सहावा अपवाद लोकांपुढे मांडलेल्या कृतीवरील मताला संरक्षण देत असे. तेथील एका उदाहरणात टीकाकार म्हणतो की, अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, त्याअर्थी तो दुर्बल माणूस असला पाहिजे. हे मत सद्भावनेने दिलेले असेल तर ते अपवादात बसते, कारण लेखकाविषयीचा निष्कर्ष पुस्तकात जेवढे दिसते तेवढ्यापुरताच आहे. लगेच पुढच्या उदाहरणात क्रम उलटतो : तो माणूसच दुर्बल आणि दुराचारी, तेव्हा पुस्तक मूर्खपणाचे व अश्लील निघाले यात नवल नाही. याला संरक्षण नाही, कारण हे मत पुस्तकावर आधारलेले नाही. शब्द जवळपास तेच, पण तर्काची दिशा बदलताच टीकेची बदनामी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३५६ मध्ये आहे.

मराठी वृत्तपत्रांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तील टिळकांच्या अग्रलेखाचे. रँडच्या खुनानंतर पुण्यावर सरकारी दडपशाही सुरू झाली, तेव्हा ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा त्यांनी दिला. त्यात आरोप प्रश्नाच्या रूपात आहे आणि त्याचा रोख कोणा एका अधिकाऱ्याच्या मेंदूवर नसून राज्यकारभारावर आहे. १९४२ मध्ये नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष प्र. के. अत्रे यांचा मार्ग वेगळा होता. विडंबन लिहिताना ते समकालीन कवींना मूर्ख म्हणत बसले नाहीत. त्यांच्याच लकबी ताणून त्यांनी वाचकाकडून ते म्हणवून घेतले. पत्रकार म्हणून मात्र त्यांनी असा संयम नेहमीच पाळला असे म्हणता येत नाही.

या आरोपाची एक शाखा सामाजिक उतरंडीवरून खाली वाहते. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची खिल्ली उडवली, तेव्हा फुल्यांची भाषा आणि व्याकरण हेच मोठे लक्ष्य होते, शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीविषयीचा त्यांचा मूळ युक्तिवाद त्यामुळे बाजूला पडला. शिक्षण नाकारलेल्यांना ‘अडाणी’ ठरवून त्यांचे म्हणणे निकालात काढण्याची ही रीत शेतकऱ्यांविषयीच्या लेखनात पुढेही टिकली.

नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या धोरणाच्या निमित्ताने हाच आरोप उलट्या दिशेने, म्हणजे शेतकऱ्याकडून दिल्लीकडे जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले; ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशा निर्णयाला ‘निर्बुद्ध’ म्हणण्यामागचा संताप समजण्याजोगा आहे, पण ते वर्णन धोरणकर्त्यांवर नकळत मेहेरबानी करते. देशांतर्गत पुरवठा आणि भाव हे कारण सरकारने उघडपणे दिले होते. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा आणि त्याची किंमत उत्पादकाने मोजावी, ही समजून-उमजून केलेली निवड होती. तिला मूर्खपणा म्हटले की निर्णय कोणाच्या हिताचा होता हा प्रश्न मागे पडतो, आणि उत्पादकाचे नुकसान ‘अनवधानाने झाले’ असे सांगून धोरणकर्त्याला मोकळे होता येते.